तारीख कोण ठरवतं? लॅरियन स्टुडिओची गोष्ट

मोठे व्हिडिओ गेम ठरलेल्या तारखेला येत नाहीत, पुढे ढकलले जातात, हे खेळणाऱ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. २०२३ साली मात्र उलटं घडलं. 'बाल्डर्स गेट ३' या गेमची कॉम्प्युटरवरची आवृत्ती ३१ ऑगस्टला यायची होती, ती चार आठवडे आधीच, ३ ऑगस्टला आली. सप्टेंबरच्या सुरुवातीला 'स्टारफील्ड' हा दुसरा अवाढव्य गेम येणार होता. त्याच्या गर्दीत आपण सापडायला नको, असा सरळ हिशेब होता. प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती तेवढ्यात तयार होण्यासारखी नव्हती, म्हणून ती वेगळी काढून ६ सप्टेंबरला ठेवली.

हा निर्णय ज्यांनी घेतला तो स्टुडिओ म्हणजे बेल्जियममधल्या घेंट शहराचा लॅरियन. याच लॅरियनचा एक गेम २००९ साली अर्धाकच्चा बाजारात गेला होता. आपला गेम अजून शिजलेला नाही हे त्यांना कळत होतं, पण थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. या दोन तारखांमधली १४ वर्षं नीट समजून घेतली, तर स्वतंत्र गेम स्टुडिओ म्हणजे नक्की काय, पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि एखादा गेम चांगला किंवा वाईट का होतो, यातलं बरंचसं उलगडतं. मला या स्टुडिओबद्दल मनापासून आपुलकी आहे, ती लेखात दिसेलच.

आधी पैशाचं गणित

गेम बनवायला दोन-तीन वर्षं सहज लागतात, मोठा असेल तर पाच-सहा. एवढा काळ प्रोग्रॅमर, चित्रकार, लेखक, संगीतकार, चाचणी करणारे अशा सगळ्यांचे पगार चालू असतात आणि विक्रीचा एक रुपयाही आलेला नसतो. हा खड्डा भरून काढायला प्रकाशक येतो. तो आगाऊ पैसे देतो, जाहिरात करतो, डिस्क छापून दुकानांत पोचवतो आणि विक्रीतला मोठा वाटा घेतो.

आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो आणि मग पूर्ण हंगाम ती फेडण्यात जातो. प्रकाशकाचे आगाऊ पैसे बरेचसे असेच असतात. समजा, प्रकाशकाने स्टुडिओला १ कोटी रुपये दिले आणि विक्रीत स्टुडिओचा वाटा २० टक्के ठरला. आता ते १ कोटी एकूण विक्रीतून वळते होत नाहीत, स्टुडिओच्या २० टक्क्यांतून होतात. म्हणजे विक्रीतून ५ कोटी येईपर्यंत स्टुडिओला आणखी काहीच मिळत नाही. त्या ५ कोटींतले ४ कोटी प्रकाशकाच्या स्वतःच्या वाट्याचे असतात आणि पाचवा कोटी वसुलीत जातो. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण कराराचा सांगाडा असाच असतो. त्यामुळे एखादा गेम चांगला खपूनही तो बनवणाऱ्यांच्या हातात काही पडलं नाही, असं सर्रास घडतं.

आणखी एक गोष्ट असते, ती पैशापेक्षा जाचक. आगाऊ रक्कम एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्याने मिळते. अमुक महिन्यात अमुक भाग तयार झालेला दिसला की पुढचा हप्ता. हप्ता अडला की पगार अडतात. त्यामुळे तारीख, गेमचं नाव, काय ठेवायचं आणि काय कापायचं, या सगळ्यावर अखेरचा शब्द हप्ता देणाऱ्याचा होतो. प्रकाशक मुद्दाम दुष्टपणा करतात असं मी म्हणणार नाही. त्यांनाही बँका असतात, भागधारक असतात, आर्थिक वर्षाची अखेर असते. पण त्यांच्या वर्षअखेरीचा गेमच्या तयारीशी काही संबंध नसतो.

उभं राहायलाच १३ वर्षं

स्वेन व्हिंका यांनी १९९६ साली लॅरियन सुरू केला. त्यांना भूमिका-खेळ बनवायचे होते. या प्रकारात आपण एक पात्र घेतो, त्याच्या नजरेने एका कल्पित जगात वावरतो, लोकांशी बोलतो, लढतो आणि निर्णय घेतो, आणि त्या निर्णयांप्रमाणे कथा वळते. बनवायला हा सगळ्यात किचकट प्रकार. १९९७ साली त्यांचा जो पहिला गेम बाजारात आला, तो मात्र 'द एलईडी वॉर्स' हा डावपेचांचा छोटा गेम होता. जीव अडकला होता तो 'द लेडी, द मेज अँड द नाइट' या मोठ्या भूमिका-खेळात. जर्मनीतल्या ॲटिक कंपनीबरोबर तो बनत होता. ॲटिकची आर्थिक घडी विस्कटली आणि १९९९ साली तो गुंडाळावा लागला. काही वर्षांची मेहनत लोकांपर्यंत पोचलीच नाही.

त्या ढिगाऱ्यातून जे शिकले, त्यावर पुढचा गेम उभा राहिला, 'डिव्हाइन डिव्हिनिटी', २००२. हे विचित्र नाव व्हिंका यांनी ठेवलेलं नाही. त्यांना 'डिव्हिनिटी: द स्वोर्ड ऑफ लाइज' असं नाव हवं होतं. पण सीडीव्ही या जर्मन प्रकाशकाचा 'सडन स्ट्राइक' हा गेम जोरात खपला होता. दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून तो चालला असावा, अशी तिथे समजूत झाली आणि याही गेमला तसंच नाव हवं, असा आग्रह धरला गेला. ज्या गेमसाठी माणसं वर्षानुवर्षं राबली, त्याचं नावसुद्धा त्यांना ठेवता आलं नाही, हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

गेम गाजला. समीक्षकांना आवडला, खपलाही बऱ्यापैकी. पण वर सांगितलेलं उचलीचं गणित इथे तंतोतंत लागू झालं आणि लॅरियनच्या हाती फारसं काही आलं नाही. बहुतेकांना कामावरून कमी करावं लागलं, मोजकीच माणसं उरली. मग पोटापाण्यासाठी मिळेल ते काम सुरू झालं. बेल्जियमच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या 'केटनेट' या मुलांच्या वाहिनीसाठी त्यांनी 'केटनेट किक' बनवला आणि पुढे बीबीसीच्या मुलांच्या विभागासाठी 'ॲडव्हेंचर रॉक' नावाचं ऑनलाइन जग. मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात अशा कंत्राटी कामांना एक ओळ मिळते. पण दर महिन्याला वेळेवर पैसे देणारी ही कामं नसती, तर लॅरियनचं नाव आज आपल्याला माहीतही नसतं.

मग आला २००९ चा 'डिव्हिनिटी २: ईगो ड्रॅकोनिस'. माणसाचं रूप टाकून ड्रॅगन व्हायचं आणि तटबंद्यांवरून उडत जायचं, ही त्यातली कल्पना आजही झकास वाटते. पण २००८ चं आर्थिक संकट येऊन आदळलं होतं, प्रकाशकाला पैसे मोकळे करायचे होते आणि गेम आहे त्या अवस्थेत बाहेर काढला गेला. आधी जर्मनीत, मग इतरत्र. एक्सबॉक्सवर चित्र अडखळायचं, लढाया बेचव होत्या, शेवटाने लोक चिडले. लॅरियनने पुढच्याच वर्षी दुरुस्त्या करून आणि कथेचा नवा भाग जोडून 'द ड्रॅगन नाइट सागा' काढला. तो खूपच चांगला होता. पण समीक्षा पहिल्या दिवशी लिहिल्या जातात आणि दुकानदार मागणीही त्याच आठवड्यात नोंदवतो. आणखी सहा-आठ महिने हातात असते तर हाच गेम वेगळ्या कारणांसाठी लक्षात राहिला असता, असं माझं मत आहे.

यानंतर व्हिंका यांनी ठरवलं की पुढचा गेम आपणच प्रकाशित करायचा.

हे शक्य का झालं?

त्याच्या दहा वर्षं आधी हा निर्णय म्हणजे आत्महत्याच ठरली असती. दुकानाच्या फळीवर जागा मिळवायला प्रकाशक लागायचाच. तोपर्यंत मात्र 'स्टीम' आलं होतं. व्हॅल्व्ह या अमेरिकी कंपनीने २००३ साली सुरू केलेलं हे ऑनलाइन दुकान. डिस्क नाही, खोकं नाही, गोदाम नाही. पैसे भरा आणि गेम डाउनलोड करा. दुकानाचा वाटा तेव्हा सरसकट ३० टक्के, बाकी तुमचं. प्रकाशकाशी वाटणी करून जे उरायचं, त्यापुढे हे ७० टक्के म्हणजे चैनच.

दुसरी गोष्ट लोकवर्गणीची. २०१२ साली अमेरिकेतल्या डबल फाइन या स्टुडिओने 'किकस्टार्टर' या संकेतस्थळावर एका गेमसाठी लोकांकडून थेट पैसे मागितले आणि ३३ लाख डॉलर जमले. जो प्रकार प्रकाशकांनी मेला म्हणून सोडून दिला होता, त्यासाठी खेळणारे स्वतःच्या खिशातून आगाऊ पैसे द्यायला तयार होते. गेमच्या धंद्यात यामुळे मोठी खळबळ उडाली.

किकस्टार्टरचा नियम कडक आहे. ठरवलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर एक पैसाही नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने याचा चटका सोसला आहे. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' या त्यांच्या गेमची २०१७ ची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. तरी त्यांनी गेम सोडला नाही आणि २०२० साली तो जगापुढे आणला. त्या जिद्दीवर वेगळा लेख लिहायला हवा.

लॅरियनची मोहीम मार्च २०१३ मध्ये सुरू झाली. गेमचं नाव 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'. मागणी ४ लाख डॉलरची होती, जमले ९ लाख ४४ हजार, १९ हजारांहून जास्त लोकांकडून. पण एक गैरसमज दूर करायला हवा. गेम या वर्गणीतून बनला नाही. खरा खर्च त्याच्या कित्येक पट होता. तो कंपनीची पुंजी, गुंतवणूकदार आणि बँकेचं कर्ज यांतून भागवला गेला. वर्गणीमुळे काय झालं, तर ठरल्यापेक्षा बराच मोठा गेम बनवायची सोय झाली आणि हजारो डोळे त्याच्यावर लागले.

आणि मग तारीख आली. आधीचा अंदाज नोव्हेंबर २०१३ चा होता. तो चुकला. मग २८ फेब्रुवारी २०१४ ठरली, तीही गेली. तिजोरीत खडखडाट होत चालला होता आणि हा गेम पडला तर कंपनी बुडणार हे उघड दिसत होतं. प्रकाशक असता तर फेब्रुवारीतच गेम दुकानात गेला असता. व्हिंका यांनी आणखी पैसे उभे केले, देणी लांबवली आणि काम चालू ठेवलं. गेम शेवटी ३० जून २०१४ रोजी आला. सप्टेंबरपर्यंत त्याच्या ५ लाखांवर प्रती विकल्या गेल्या होत्या आणि या वेळी त्या पैशातून कुठल्या प्रकाशकाची उचल फेडायची नव्हती.

सगळी वचनं पाळली गेली असं मात्र नाही. रात्र झाली की गावकरी घरी जातील, सकाळी कामाला निघतील, अशी दिनचर्या मोहिमेच्या वेळी कबूल केली होती, ती सोडून द्यावी लागली. पैसे दिलेल्या काही जणांना ते लागलं आणि त्यांचा राग रास्तच होता.

त्या चार महिन्यांत काय घडलं असेल?

तारीख पुढे ढकलली म्हणजे नेमकं काय केलं, हे कळायला गेमच्या आत डोकवावं लागेल.

'ओरिजिनल सिन'मध्ये लढाई आळीपाळीने चालते. तुमच्या पात्राची पाळी, मग शत्रूची. आता एक प्रसंग बघा. समोर चार सांगाडे तलवारी घेऊन उभे आहेत, शेजारी पाण्याचं पिंप आहे. तुम्ही पिंप फोडता आणि जमिनीवर पाणी पसरतं. पुढच्या पाळीत त्या पाण्यात वीज सोडता, तर त्यात पाय असलेले सगळे झटका बसून एकदम सुन्न होतात. पण तुमचाच साथीदार कडेला त्याच पाण्यात उभा असेल तर तोही पडतो. पाण्यावर आग टाकली तर वाफ होते, वाफेचा ढग पलीकडचं झाकतो, त्या ढगात वीज सोडली तर ढगच धोक्याचा बनतो. तेल पेटतं. विषारी वायूजवळ ठिणगी आली तर स्फोट होतो.

इथे एकेका प्रसंगाची उत्तरं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. पाणी, तेल, आग, वीज आणि विष एकमेकांशी कसे वागतात याचे नियम लिहिलेले आहेत आणि बाकी सगळं त्या नियमांतून आपोआप घडतं. म्हणून बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेल्या युक्त्या खेळणाऱ्यांना सुचतात. दारामागे राजवाड्यातला कळीचा माणूस आहे आणि तुम्ही चुकून त्याला जाळून टाकलंत, तर कथा तिथेच अडकते का? अडकू नये म्हणून दुसरी वाट ठेवावी लागते. आणि लोक काय काय करतील हे ऑफिसात बसून कळत नाही.

त्यासाठी लॅरियनने गेम पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवला. 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात तो हाच प्रकार. पैसे देऊन तुम्ही अपुरा गेम घेता, पहिला भाग खेळता, काय मोडतं ते सांगता, आणि पूर्ण झाला की तोच गेम तुम्हाला मिळतो. 'ओरिजिनल सिन' जानेवारी २०१४ पासून असा उपलब्ध होता. अनेक स्टुडिओ या सोयीचा गैरवापर करतात, पैसे घेऊन गेम तसाच सोडून देतात. लॅरियन मात्र हजारो लोकांच्या खेळण्याचं बारकाईने निरीक्षण करत होता. कोणती लढाई सगळे हरतात, कोणतं संभाषण कुणी वाचतच नाही, कोणत्या कोपऱ्यात कुणी फिरकतच नाही, हे सगळं नोंदवलं जात होतं. अर्धवट गेम लोकांसमोर ठेवण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली होती. २००९ साली तोच शेवट होता, या वेळी ती कामाची सुरुवात होती.

दोघांनी मिळून खेळायची सोय हाही या गेमचा जीव. दोन खेळाडू, दोन पात्रं. रस्त्यात एखादा प्रसंग आला आणि एकाला दया दाखवायची आहे, दुसऱ्याला नाही, तर गेम दोघांना वाद घालायला लावतो. तो वाद दगड-कागद-कात्रीच्या डावाने सुटतो आणि हरलेल्याला मुकाट्याने ऐकावं लागतं. शेजारी बसलेल्या मित्राशी अशा वादात रंगलेली संध्याकाळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

पुढचा 'ओरिजिनल सिन २' आला सप्टेंबर २०१७ मध्ये. त्याच्या वर्गणीची ५ लाख डॉलरची मागणी बारा तासांच्या आत पूर्ण झाली आणि अखेर २० लाखांवर रक्कम जमली. विक्री दोन महिन्यांत १० लाखांच्या पुढे गेली. त्याचा शेवटचा भाग इतरांपेक्षा कमी घोटलेला होता, तो वर्षभराने सुधारून जुन्या ग्राहकांना फुकट दिला गेला. इतकं सांगून पुढे जातो.

उसनं जग

'बाल्डर्स गेट' ही मालिका लॅरियनची नव्हे. पहिला गेम १९९८ चा, दुसरा २००० चा, दोन्ही कॅनडातल्या बायोवेअर स्टुडिओने बनवलेले. त्यामागचं जग 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचं आहे. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी कथा सांगत खेळायचा हा खेळ १९७४ पासून चालत आला आहे. त्याचे हक्क विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहेत आणि ती कंपनी खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोच्या मालकीची आहे.

'ओरिजिनल सिन' यशस्वी झाल्यावर व्हिंका यांनी या मालिकेसाठी विचारणा केली होती. तेव्हा नकार मिळाला. पुढे विझर्ड्सकडूनच विचारणा आली, ती नेमकी 'ओरिजिनल सिन २' संपवण्याच्या धांदलीत. घाईघाईत लिहून पाठवलेला पहिला आराखडा जमलेला नव्हता. त्यांनी आणखी वेळ मागितला, तो मिळाला आणि दुसरा आराखडा पसंत पडला. जून २०१९ मध्ये गेम जाहीर झाला. ६ ऑक्टोबर २०२० पासून त्याचा पहिला अंक अर्ली ॲक्सेसमध्ये विकायला आला आणि पूर्ण गेम येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांत, त्याच्या २५ लाख प्रती गेल्या. किंमत पहिल्या दिवसापासून पूर्ण, ६० डॉलर. म्हणजे गेम बनण्याच्या खर्चातला मोठा हिस्सा खेळणाऱ्यांनीच आधी उचलला.

या गेममध्ये पैसा कुठे मुरला हे दाखवायला एकच उदाहरण पुरे. पहारेकऱ्याला थाप मारून आत शिरायचं आहे. पडद्यावर वीस बाजूंचा फासा येतो. समजा, १५ हवेत आणि तुमच्या पात्राच्या गोडबोलेपणाचे ३ जास्तीचे मिळतात. म्हणजे फाशावर १२ किंवा त्याहून जास्त पडायला हवं. वीसपैकी नऊ आकडे तुमच्या बाजूचे, शक्यता ४५ टक्के. फासा फिरतो आणि ७ पडतात. बहुतेक गेममध्ये इथे आपण मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतो. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये हरल्यानंतरची वाटही तितक्याच मन लावून रचलेली असते. थाप पकडली गेली की पहारेकरी काय बोलतो, तुमची साथीदारीण त्यावर काय टोमणा मारते, कुठल्या कोठडीत तुम्ही जाता आणि तिथे कोण भेटतं, हे सगळं लिहिलेलं, नटांनी बोललेलं आणि त्यांच्या हालचालींसकट टिपलेलं असतं. गेममधली चित्रित दृश्यं १७० तासांच्या वर आहेत. एका खेळाडूला एका खेपेत त्यातली थोडीच दिसतात.

'बहुतेकांना दिसणारच नाही ते का बनवायचं?' हा प्रश्न प्रकाशकाच्या बैठकीत पहिल्याच तासात आला असता, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. पण दोन मित्र आपापला गेम खेळून भेटतात आणि एकाने जे पाहिलं ते दुसऱ्याला माहीतच नसतं, तेव्हा त्यांच्या गप्पा सुरू होतात. त्या गप्पांनी हा गेम विकला. १३ ऑगस्ट २०२३ ला स्टीमवर एकाच वेळी पावणेनऊ लाख लोक तो खेळत होते. त्या मोसमातले गेमच्या दुनियेतले पाचही मोठे सन्मान त्याला मिळाले: गोल्डन जॉयस्टिक, द गेम अवॉर्ड्स, डाइस, जीडीसी आणि बाफ्टा. असं आधी कुठल्याच गेमच्या बाबतीत घडलं नव्हतं.

तिसऱ्या अंकात मात्र सुरुवातीला गडबड होती. शहरात शिरलं की चांगले कॉम्प्युटरही धापा टाकायचे आणि काही पात्रांचे शेवट घाईत उरकल्यासारखे होते. तारीख आपल्या हातात असली म्हणून सगळं आपोआप नीट होत नाही. लॅरियनने एप्रिल २०२५ पर्यंत आठ मोठ्या दुरुस्त्या दिल्या, त्याही फुकट.

स्वतंत्र, पण कितपत?

२०२३ मध्ये गेम यायच्या आधीच काही लहान स्टुडिओंच्या लोकांनी सांगितलं होतं की हे मोजमाप कृपा करून आम्हाला लावू नका. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. लॅरियनपाशी वीस वर्षं घासलेली तंत्रं होती, दोन यशस्वी गेमचा पैसा होता, जगभर पोचलेलं नाव उसनं मिळालं होतं आणि घेंटपासून डब्लिन, क्वेबेक, क्वालालंपूरपर्यंत पसरलेली चारशेहून जास्त माणसं होती. पाच जणांच्या स्टुडिओने 'आम्हीही तारीख आमच्या मनाने ठरवू' म्हटलं तर तिसऱ्या महिन्यात भाडं थकेल. लॅरियनलाही हे जमायला सतरा-अठरा वर्षं लागली आणि त्यात कंपनी अनेकदा बुडता बुडता वाचली.

मालकीबद्दलही सांगायला हवं. चीनच्या टेन्सेंट कंपनीकडे लॅरियनचे सुमारे ३० टक्के भाग आहेत. त्या भागांना कारभारात बोलण्याचा अधिकार नाही असं लॅरियनचं म्हणणं आहे. सूत्रं व्हिंका यांच्याच हातात आहेत. शेअर बाजारात कंपनी नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी कुणाला आकडे दाखवायचे नाहीत. माझ्या मते लॅरियनचं सगळ्यात मोठं बळ हेच. प्रकाशक टाळला आणि कंपनी शेअर बाजारात नेली, तर तारखेचा फास दुसऱ्या दोरीने बसतो.

आणि तरी 'बाल्डर्स गेट' त्यांचा नव्हता. परवाना घेतला की वाटा द्यावा लागतो. २०२३ या एका वर्षात या गेममधून सुमारे ९ कोटी डॉलर मिळाल्याचं हॅस्ब्रोने सांगितलं. कथेतल्या देवदेवता, राक्षस, शहर, सगळ्यासाठी हक्कदारांची संमती लागते. मार्च २०२४ मध्ये व्हिंका यांनी जाहीर केलं की या गेमला जोडभाग नाही आणि 'बाल्डर्स गेट ४'ही लॅरियन बनवणार नाही. पुढच्या भागावर थोडं काम सुरू झालं होतं, ते थांबवलं. हमखास पैसे देणारी गोष्ट सोडून देणं हे व्यापाऱ्याला न पटणारं आहे. पण आधीच्या सगळ्या हकिकतीनंतर ते अनपेक्षित वाटत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी नवा गेम जाहीर केला, त्याचं नाव नुसतंच 'डिव्हिनिटी'. जग त्यांचं स्वतःचं, २००२ पासूनचं, आणि या वेळी नावही त्यांनीच ठेवलेलं.

तुम्हाला यातलं काही खेळून बघायचं असेल, तर थेट 'बाल्डर्स गेट ३'वर उडी मारू नका. तो शंभर तास खातो आणि चांगला कॉम्प्युटर मागतो. 'ओरिजिनल सिन २' घ्या, तो स्टीमच्या सेलमध्ये बराच स्वस्तात मिळतो आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. सोपी पातळी निवडा, पहिले दोन-तीन तास हरत राहाल, ते मनावर घेऊ नका. शक्य असेल तर एखाद्या मैत्रिणीला किंवा भावाला शेजारी बसवा. एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतं. आणि पहिल्या बेटावर पाण्याचं किंवा तेलाचं पिंप दिसलं की ते उचलून सोबत घ्या. वजन होतं, पण पुढे कामाला येतं.